फिन गोल्ड कप म्हणजे काय आणि जुने सेलर त्याला ऑलिंपिकपेक्षा अवघड का म्हणतात

प्रश्न थोडक्यात असा होता की फिन गोल्ड कप ही नेमकी कसली स्पर्धा, ऑलिंपिक मेडल मोठं की हा कप, आणि फिन ऑलिंपिकमधून काढल्यावर आता त्यात काही उरलंय का. मी मुंबईत तीसेक वर्षं ओके डिंगी आणि लेसर या एका माणसाच्या छोट्या शिडाच्या बोटी चालवल्या, आता पोरांना शिकवतो, रेस कमिटीच्या बोटीवर झेंडे वरखाली करतो. फिन स्वतः फक्त दोन आठवडे चालवलीये, एका मित्राच्या क्लबात, परदेशात. पण या कपाचा नाद मला तरुणपणापासून आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी बोट समजून घ्या, नाहीतर कपाचं काही कळणार नाही. फिन म्हणजे साडेचार मीटर लांबीची एका माणसाची डिंगी, साधारण १० चौरस मीटरचं एकच शीड, आणि डोलकाठीला बाजूने एकही तार नाही. हे तारा नसणं फार महत्त्वाचं आहे. नुसती काठी बोटीत उभी आणि शिडाबरोबर फिरणारी, जोराचा झोत आला की ती वाकते, वाकली की शीड चपटं होतं आणि जादाचा वारा सुटून जातो. म्हणजे काठी किती वाकते, कुठे वाकते, आणि तिच्यासाठी शीड कसं कापलंय यावर सगळा खेळ. आणि हे तिन्ही परत चालवणाऱ्याच्या वजनाशी जुळावं लागतं. ८५ किलोच्या माणसाला जी काठी फिट बसते ती १०० किलोच्या माणसाला मऊ पडते. बोट तर जड, शंभर किलोच्या वर, आणि तिला सपाट ठेवायला तुमच्याकडे फक्त स्वतःचं शरीर. पाय पट्ट्यात अडकवायचे आणि मांडीपासून डोक्यापर्यंतचं सगळं अंग बोटीबाहेर पाण्यावर आडवं धरायचं, आम्ही त्याला हाइकिंग म्हणतो. मी दोन आठवड्यांत पहिल्या चार दिवसांनी जिना उतरताना कठडा धरून उतरत होतो, आणि तेव्हा मी चांगला तयारीत होतो हे सांगतो.

ही बोट काढली स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने. हा माणूस पोटासाठी केस कापायचा आणि आवड म्हणून सेलिंग कॅनू बनवायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी एका माणसाची नवीन बोट हवी होती, १९४९ मध्ये डिझाईन मागवली गेली, मग चाचण्या झाल्या आणि प्रत्यक्ष पाण्यावर सार्बीची बोट सगळ्यांना भारी पडली. पुढची गोष्ट मला फार आवडते, हेलसिंकीला सार्बी स्वतः त्या बोटीत उतरला आणि ब्राँझ घेऊन आला. सिल्व्हर ब्रिटनच्या चार्ल्स करीला आणि गोल्ड डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमला. स्वतः आखलेल्या बोटीत ऑलिंपिक मेडल, यापेक्षा सुंदर काय असतं मला माहीत नाही.

मग कप कुठून आला. १९५६ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या बर्नहॅम-ऑन-क्राउचला रॉयल कोरिंथियन यॉट क्लबचे कमोडोर मिचेल यांनी, लोक त्यांना टायनी म्हणायचे, हा कप दिला आणि पहिली स्पर्धा तिथेच झाली. जिंकला बेल्जियमचा आंद्रे नेलिस. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेलिसला सिल्व्हर मिळालं, एल्व्हस्ट्रॉमच्या मागे, आणि १९६१ ला त्याने गोल्ड कप परत जिंकला. म्हणजे हा कप हीच फिनची वर्ल्ड चॅम्पियनशिप, दोन वेगळ्या स्पर्धा नाहीत, नाव तेवढं वेगळं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण प्रश्नाचा खरा जीव इथे आहे. ऑलिंपिकमध्ये एका देशाचा एकच फिन सेलर. गोल्ड कपला एका देशाचे अनेक जण येतात. म्हणजे ज्या काळात जगातले पहिल्या पाचातले दोन-तीन जण एकाच देशाचे असतात त्या काळात ऑलिंपिकमधे त्यातले बाकीचे घरी बसतात, गोल्ड कपला मात्र सगळे असतात. दुसरं म्हणजे बऱ्याच ऑलिंपिकमध्ये फिन आयोजकच द्यायचे, चिठ्ठ्या टाकून. गोल्ड कपला तुमची बोट, तुमची काठी, तुमचं शीड, म्हणजे तुम्ही पूर्ण हिवाळाभर जे काही घासलंय, तासलंय, जुळवलंय ते सगळं लाइनीवर आणायचं. आणि तिसरं म्हणजे गर्दी. साठ-सत्तरच्या दशकात गोल्ड कपला शंभराच्या वर बोटी एका लाइनीवर उभ्या असायच्या. ज्यांनी रेस केलेली नाही त्यांना हे कळत नाही म्हणून सांगतो. वीस बोटींच्या रेसमध्ये स्टार्ट चुकला तर दोन टॅक मारून, म्हणजे वाऱ्यात तोंड फिरवून दोनदा वळून, मोकळी हवा सापडते. शंभर बोटींत स्टार्ट चुकला की तुमच्यापुढे शिडांची भिंत असते, तिच्यामागे सगळा वारा घुसळलेला, कुठेही वळलात तरी कुणाच्या तरी घाणेरड्या हवेत, आणि पहिल्या मार्कला, म्हणजे वळायच्या खुणेला, पोचेपर्यंत साठ जण पुढे गेलेले. आणि हे एकदा नाही, आठवडाभर रोज जमवायचं. म्हणून जुने लोक म्हणतात की मेडल एखाद्या आठवड्याचं असतं, कप मात्र सगळ्यांना हरवून घ्यावा लागतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ब्राझीलचा यॉर्ग ब्रुडर. साओ पावलोचा, जिऑलॉजीचा प्राध्यापक, आणि फिनच्या लाकडी काठ्या बनवण्यात त्याचा हात असा बसलेला की जगभरचे सेलर ब्रुडरची काठी मागवायचे. मला वाटतं त्याला त्या बोटीतलं जे कळलं होतं ते हातात रंधा धरूनच कळतं. लाकडी काठी एका बाजूने थोडी तासली की ती त्या बाजूला जरा जास्त वाकते, कुठे किती तासायचं हे माणूस बघून, त्याचं वजन बघून, तो कुठल्या वाऱ्यात चालवणार ते बघून ठरवायचं. त्याने गोल्ड कप ओळीने तीनदा जिंकला, १९७० कास्कायश, १९७१ टोरंटो, १९७२ आंत्सिओ. ऑलिंपिक मेडल एकही नाही. एकही. आता मला सांगा अशा माणसाला मेडलच्या तक्त्यावर कसं शोधणार.

१९७३ चा गोल्ड कप फ्रान्समध्ये ब्रेस्टला होता, ब्रुडर चौथ्यासाठी निघाला होता. ११ जुलैला रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिगच्या विमानात टॉयलेटमध्ये आग लागली, धूर भरला, ऑर्ली विमानतळ अगदी जवळ आलं होतं आणि पायलटने विमान शेतात उतरवलं. १२३ जण गेले, त्यात ब्रुडर. ब्रेस्टला रेस झाल्या, फ्रान्सचा सर्ज मॉरी जिंकला जो आदल्या वर्षीचा ऑलिंपिक चॅम्पियन होता. त्या स्पर्धेत कित्येकांच्या बोटीत ब्रुडरच्याच हाताच्या काठ्या असणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ज्युनियर फिन सेलर्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला आज ब्रुडरचं नाव आहे, सिल्व्हर कप म्हणतात त्याला.

जरा मागे जातो कारण एल्व्हस्ट्रॉमवर थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार ऑलिंपिक गोल्ड, ओळीने, १९४८ फायरफ्लाय नावाच्या बोटीत आणि मग १९५२, ५६, ६० फिनमध्ये. गोल्ड कप १९५८ आणि ५९. पण आकड्यांपेक्षा त्याने काय बदललं ते बघा. त्याच्याआधी डिंगी सेलिंग हा चतुर माणसाचा खेळ होता, वारा वाचायचा, शांतपणे चालवायचं. याने घरी एक बाक केला, पट्ट्या लावल्या, आणि हिवाळ्यात त्यावर तासनतास बाहेर लटकून पाय आणि पोट तयार केलं. डेन्मार्कच्या थंडीत इतर लोक बोटी झाकून ठेवायचे तेव्हा हा पाण्यात असायचा. बोटीतलं पाणी चालता चालता आपोआप बाहेर खेचणारा जो बेलर आज प्रत्येक डिंगीत असतो तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण त्याची किंमतही त्याने मोजली, मनावरचा ताण इतका की १९६० ला नेपल्सला शेवटच्या रेसला तो उतरलाच नाही, गोल्ड आधीच पक्कं झालं होतं. आमच्याकडे पोरं रेसच्या आदल्या रात्री जेवत नाहीत तेव्हा मी त्यांना हे सांगतो, की पोटात गोळा येणं म्हणजे तू कच्चा आहेस असं नाही.

साठच्या दशकात जर्मनीचा विली कुह्वायडे आला, कप तीनदा, १९६३, ६६, ६७, आणि मध्ये १९६४ ला टोकियो ऑलिंपिकचं गोल्ड. त्या रेस एनोशिमाला झाल्या होत्या, हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे. याच सुमारास काठ्या लाकडाच्या जागी अॅल्युमिनियमच्या यायला लागल्या आणि बरंच काही बदललं, कारण अॅल्युमिनियमची काठी पावसात भिजून मऊ होत नाही, दोन काठ्या जवळपास सारख्या येतात, म्हणजे सुताराचा हात थोडा मागे पडला आणि शीड कापणाऱ्याचा पुढे आला. नव्वदच्या दशकात कार्बन आलं, काठी हलकी झाली, वरचं वजन कमी झालं, बोट लाटेत वेगळीच वागायला लागली.

एक गोष्ट आजच्या पोरांना खोटी वाटते. वजन वाढवायला सेलर लोक रेसच्या आधी सुती स्वेटर एकावर एक घालून पाण्यात बुडवायचे, भिजलेला सुती कपडा किती जड होतो ते पावसाळ्यात मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, आणि मग तेवढं ओझं खांद्यावर घेऊन तासभर बाहेर लटकायचं. पाण्याच्या जॅकेटही निघाल्या. पाठी आणि गुडघे गेले कित्येकांचे. पुढे नियमांनी कपड्यांच्या वजनावर हळूहळू बंधनं आणली आणि ते फार बरं झालं. माझ्या वयाच्या जुन्या सेलर लोकांना भेटा, निम्म्यांची कंबर हीच तक्रार असते.

१९८० चं उदाहरण परत मुख्य मुद्द्याकडे आणतं. अमेरिकेच्या कॅम ल्युइसने १९७९ ला वेमथला आणि १९८० ला न्यूझीलंडला टाकापुनाला कप जिंकला, आणि त्याच वर्षी अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. जगातला सगळ्यात चांगला फिन सेलर त्या वर्षी ऑलिंपिकला नव्हताच, नियमाने नाही, राजकारणाने. कपाच्या यादीत मात्र त्याचं नाव दोनदा आहे.

आता बेन एन्सली. १९९६ ला लेसरमध्ये सिल्व्हर, २००० सिडनीला लेसरमध्ये गोल्ड, आणि मग त्याने ठरवलं फिन. लेसरचा सेलर फिनमध्ये हलका पडतो, म्हणून आधी पंधराएक किलो अंगावर चढवले, आणि नुसतं खाऊन नाही, जिममध्ये. २००२ ते २००५ ओळीने चार कप, मग २००८, मग २०१२, एकूण सहा, कुणाचेच इतके नाहीत. बरोबर २००४, २००८, २०१२ चं ऑलिंपिक गोल्ड. २०१२ ला वेमथला डेन्मार्कचा योनास होग-क्रिस्तेन्सन आठवडाभर त्याच्या पुढे होता, स्वतः दोन वेळचा गोल्ड कपवाला, २००६ आणि २००९. शेवटच्या मेडल रेसमध्ये, म्हणजे फक्त पहिल्या दहा जणांच्या निर्णायक रेसमध्ये, फिरलं सगळं. त्या गोल्डने एन्सली एल्व्हस्ट्रॉमच्या पुढे गेला, तेही एल्व्हस्ट्रॉमच्याच देशाच्या माणसाला मागे टाकून.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०११ चा पर्थचा कप. एन्सलीच्या बोटीला रेसमध्ये एका मीडिया बोटीच्या लाटेचा त्रास झाला, रेस संपल्यावर तो चिडून पोहत त्या बोटीवर चढला, आणि त्याला दोन रेसमधून बाद केलं, कप गेला. जिंकला त्याचाच देशवासी जाइल्स स्कॉट. वर्ल्ड चॅम्पियन झाला स्कॉट, पण लंडन ऑलिंपिकला ब्रिटनची एकुलती एक जागा एन्सलीची. स्कॉट घरी. मग त्याने २०१४, १५, १६ ओळीने कप जिंकले, म्हणजे एकूण चार, आणि रिओला गेला तेव्हा मेडल रेसच्या आधीच गोल्ड पक्कं करून मोकळा झाला. त्या चार वर्षांची वाट बघणं सोपं नसतं हो. मी चांगली चांगली पोरं एका सिलेक्शनमध्ये हुकल्यावर बोट विकताना बघितलीत.

अशीच गोष्ट परत २०२१ ला. कोव्हिडमुळे पुढे ढकललेला कप पोर्तुगालला पोर्टोत झाला, टोकियो ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर, आणि जिंकला न्यूझीलंडचा अँडी मलोनी. टोकियोला मात्र न्यूझीलंडची जागा त्याचा सरावातला जोडीदार जॉश ज्युनियरला गेली होती, जो स्वतः २०१९ चा वर्ल्ड चॅम्पियन. आता यात कोण चूक? कुणीच नाही. एका देशाला एक जागा हा नियमच असा आहे.

मधली दोन नावं सांगून टाकतो कारण ती छान जुळतात. स्वीडनचा फ्रेडरिक लुफ, नव्वदच्या दशकात तीनदा गोल्ड कप, पण ऑलिंपिक गोल्ड मिळालं ते २०१२ ला, स्टार या दोन माणसांच्या बोटीच्या क्लासमध्ये, आणि त्या बोटीत पुढे बसलेला त्याचा जोडीदार माक्स सालमिनेन नंतर फिनमध्ये आला आणि २०१७ चा गोल्ड कप हंगेरीत बालाटन तलावावर जिंकला. पुढच्याच वर्षी आरहूसला हंगेरीचाच जोम्बोर बेरेट्स जिंकला. समुद्र नसलेला देश, तलावावर शिकलेला माणूस. आपल्याकडे भोपाळ, हैदराबाद, खडकवासला इथली पोरं म्हणतात ना की समुद्र नाही म्हणून आम्ही मागे, त्यांना मी बेरेट्सचं नाव सांगतो. तलावावरचा वारा डोंगरावरून फुटून येतो, दर दोन मिनिटांनी दिशा बदलतो, तो वाचायला शिकलेला माणूस कुठेही जगतो. उलट आमचा मुंबई हार्बरचा हिवाळ्यातला वारा, सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, मरतो आणि दुपारी वायव्येकडून भरतो, इतका नियमित की पोरं आळशी होतात.

भारताचा फिनशी संबंध थोडा आहे पण आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, रेस चिंगदाओला होत्या, नछत्तरसिंग जोहल फिनमध्ये भारतासाठी उतरला होता. आणि दुसरा धागा ओके डिंगीचा. ही बोट डेन्मार्कच्या क्नुड ओल्सेनने १९५७ च्या सुमारास काढली, त्याची आद्याक्षरं उलटी केली की ओके. साधी, स्वस्त, प्लायवुडमध्ये घरी बांधता येणारी, आणि काठी फिनसारखीच बिनतारांची, फिनकडे जायची पायरी म्हणून. १९८२ च्या एशियाडच्या सेलिंगच्या रेस मुंबईत झाल्या तेव्हा ओके त्यातला एक क्लास होता. आमच्या पिढीने काठी वाकवायची कशी, झोत येताना आधीच शीट, म्हणजे शिडाची दोरी, किती सोडायची हे सगळं ओकेवरच शिकलं, आणि फिनचा जो काही अंदाज आम्हाला आहे तो तिच्यातूनच आलाय.

नियमातला एक बदल सांगायलाच हवा कारण फिन आजही बघायला वेगळी का दिसते ते त्यात आहे. सर्वसाधारण नियमाने शीड सतत ओढून सोडून बोट पुढे रेटायला बंदी आहे. फिनने मात्र ठरवलं की वारा १० नॉटच्या वर असला तर रेस कमिटीने झेंडा लावायचा आणि मग कितीही पंप करा. तेव्हापासून वाऱ्याबरोबर खाली येताना ही रेस म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीसारखी झाली, प्रत्येक लाटेवर पूर्ण ताकदीने ओढ. काही जुन्यांना ते आवडलं नाही. मला आवडतं. पंपिंग कोण किती करतोय यावर ज्युरीच्या शिट्ट्या आणि वाद यापेक्षा ते कितीतरी स्वच्छ आहे.

आता शेवटचा प्रश्न, ऑलिंपिकमधून गेल्यावर काय. २०१८ ला वर्ल्ड सेलिंगने, म्हणजे सेलिंगच्या जागतिक संघटनेने, ठरवलं की पॅरिस २०२४ ला फिन नाही. कारण पुरुष आणि महिलांच्या जागा समान करायच्या होत्या, आणि मिश्र क्लास, म्हणजे पुरुष आणि महिला एकत्र चालवतील अशा बोटी, आणायचे होते. उद्देश मला पूर्ण मान्य आहे, माझ्याकडे शिकणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत. पण एक खरं दुःख आहे, ८५ किलोच्या वरच्या उंच थोराड पोराला आता ऑलिंपिक डिंगीत बसायला जागाच नाही. आणि ज्या मिश्र ऑफशोअर (खोल समुद्रातल्या लांब रेसच्या) बोटीचा प्रस्ताव तेव्हा आणला होता ती शेवटी पॅरिसला आलीच नाही, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने (आयओसी) नाकारली.

फिनची शेवटची ऑलिंपिक रेस २०२१ ला एनोशिमाला झाली, तिथेच जिथे १९६४ ला कुह्वायडेने गोल्ड घेतलं होतं. स्कॉट पहिला, बेरेट्स दुसरा, स्पेनचा जोआन कार्दोना तिसरा.

गोल्ड कप बंद पडला नाही. २०२२ ला इटलीत गार्डा तलावावर माल्चेसिनेला झाला आणि चालू आहे. वय वाढलंय सेलर लोकांचं, हे खरं, आणि कुणाचा पगार आता फिनमधून येत नाही. पण या क्लासचा कणा आधीपासूनच मास्टर्स होता, चाळिशीच्या पुढच्यांची वर्ल्ड, तिला गार्डावर तीनशेच्या वर बोटी आलेल्या आहेत. सत्तरी ओलांडलेली माणसं त्यात बाहेर लटकतात. तुम्हाला कधी संधी मिळाली तर गार्डावर दुपारी एक-दीडला काठावर उभे राहा, दक्षिणेकडून ओरा वारा भरायला लागला की लाइनीवर पांढऱ्या शिडांची रांग हलायला लागते, आणि शिट्टी वाजायच्या आधी तीस सेकंद सगळ्या काठ्या एकदम वाकतात.